तळ्याकडची खोली

निसर्गाच्या सान्निध्यात माणूस खोटं बोलू शकत नाही. हे वाक्य राजदीप वानखडे सर गेली सव्वीस वर्षं अकरावीच्या भूगोलाच्या पहिल्या तासाला फळ्यावर लिहीत आले होते आणि मुलं ते वहीत उतरवून घेत आली होती, कारण परीक्षेत येईल की काय अशी त्यांना शंका असे. जानेवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी पावणेचारला सर स्वतः निसर्गाच्या सान्निध्यात येऊन पोचले. समोर तळं, तळ्यापलीकडे सागाचे डोंगर, डोंगरावर हळदीसारखं ऊन. गाडीतून उतरल्यापासून सातव्या मिनिटाला ते खोटं बोलले.

तसं त्याला कारण होतं.

डोंगरदऱ्यांतल्या हॉटेलांत जाऊन राहणं हा सरांचा एकुलता एक शौक. नेरसारख्या गावात राहून कापसाच्या गाड्या मोजण्यापेक्षा बरा, असं ते म्हणत. पण अशा प्रत्येक हॉटेलात एक देखावा दिसणारी खोली असते आणि एक दुसरी असते, आणि सरांना आजवर न चुकता दुसरी मिळालेली होती. चिखलदऱ्याला खिडकीसमोर पाण्याची टाकी होती. एका अभयारण्याशेजारी खिडकी थेट स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडत होती आणि दोन दिवसांत त्यांनी वाघ एकही नाही, पण कांदे एक पोतंभर पाहिले होते. साधनाबाई यावर कधीच काही बोलल्या नव्हत्या. तेच तर वाईट होतं. बोलल्या असत्या तर भांडण होऊन विषय मिटला असता.

या खेपेला लग्नाला तीस वर्षं झाली होती. सरांनी पुण्याला नोकरी करणाऱ्या संघदीपला फोनवर सांगून टाकलं होतं, “तुझ्या आईला या वेळी पलंगावरून तळं दाखवतो.” हे मुलाला सांगितलेलं असल्यामुळे मागे घेता येत नव्हतं.

पुसदच्या बाजूला, घाट उतरून खाली दरीत आलं की धरणाच्या काठावर ‘हिरवी दरी’ नावाचं हे हॉटेल. कौलारू, बसकं, पुढे शेवंतीच्या कुंड्या. काउंटरवर मालक घनश्याम स्वतः बसला होता. पन्नाशीचा, गळ्यात मफलर, कानावर पेन.

“नाव बोला सर.”

“राजदीप वानखडे. नेर. निसर्गदर्शन खोली.” पैसे आगाऊ भरलेले होते. त्या एका बाबतीत सर शेवटपर्यंत निर्दोष राहिले.

“हाव, आहे ना. एकशे सहा. मागच्या बाजूनं.”

“मागच्या बाजूनं तळं दिसतं?”

“नाही, तिकून डोंगर दिसते.” घनश्याम जरा थांबला. माणूस प्रामाणिक होता. “जनरेटरच्या वरतून दिसते.”

“पण निसर्गदर्शन म्हटलंय ना?”

“डोंगर म्हणजे निसर्गच ना सर.”

भूगोलाच्या शिक्षकानं मग तळ्याकडच्या खोल्यांची चौकशी केली. तळ्याकडच्या खोल्या दोनच होत्या. एकीत दिग्रसचं नवं जोडपं दोन दिवसांपासून होतं आणि दार उघडत नव्हतं. दुसरी यवतमाळच्या कोण्या साहेबांसाठी राखलेली होती. साहेब संध्याकाळी पोचणार होते.

सरांनी मागे वळून पाहिलं. साधनाबाई व्हरांड्याच्या पायरीवर उभ्या होत्या. पायाशी बॅग, हातात चष्मा. पदरानं काचा पुसून त्या तो पुन्हा डोळ्याला लावत होत्या आणि पाण्याकडे बघत होत्या, जणू आत्ताच काय ते बघून घ्यायचं आहे, नंतर मिळणार नाही. तीस वर्षांच्या अनुभवानं बाईमाणूस शहाणं होतं.

तेवढ्यात सरांची नजर काउंटरच्या वर लावलेल्या पाटीवर गेली. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं: ‘कवठदऱ्याच्या लेकींचं हे माहेर आहे. त्या म्हणतील ती खोली.’

“हे कवठदरा कुठं आलं?”

घनश्यामनं हनुवटीनंच तळ्याकडे दाखवलं. “थे काय तिथं. पाण्याच्या खाली. बेचाळीस वर्षं झाले. आमचंच गाव.”

“आणि लेकी?”

“लेकी तं नाही ना बुडाल्या सर. नव्या गावठाणात ज्याहिचं कोनी उरलं नाही, त्या इथं येतात. दोन दिस माह्या आईजवळ बसतात, खातात-पितात, जातात. माहेर पाहिजे ना बाईले एखादं.”

सरांच्या डोक्यात जे झालं ते त्यांना नंतर अनेकदा आठवून बघावं लागलं. त्यांनी दुष्ट असा काही विचार केला नव्हता. त्यांनी भूगोलाच्या शिक्षकाचा विचार केला होता. गाव बेचाळीस वर्षांपूर्वी नकाशावरून गेलेलं; म्हणजे तपासायला जागा नाही, विचारायला शेजारी नाही, सगळा पुरावा चाळीस फूट पाण्याखाली.

“मग या कवठदऱ्याच्याच,” सर म्हणाले.

घनश्यामनं कानावरचं पेन काढून काउंटरवर ठेवलं. “अन् हे आता सांगता? बाप्पा! या ना ताई, या, उभ्या काहून? या भाऊजी, बसा.” सर होते ते एका वाक्यात भाऊजी झाले. “बोला ताई, कोनती खोली पाहिजे?”

साधनाबाईंनी काहीच ऐकलं नव्हतं. त्या नुसत्या “अं?” म्हणाल्या.

“तळ्याकडची,” सर घाईनं म्हणाले.

घनश्यामनं आधी सरांकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग पुन्हा सरांकडे. “तळ्याकडची,” तो म्हणाला. मग किल्ली काढून दिली आणि फोन उचलून यवतमाळच्या साहेबांना कळवलं, की तुमची खोली गावच्या लेकीनं घेतली, तुम्हाले डोंगर चालन काय?

*

“मी कुठची म्हणून सांगतलं तुम्ही?” खोलीचं दार लागताच साधनाबाईंनी विचारलं.

“कवठदऱ्याची.”

“थे कुठं आहे?”

“हे काय, समोर.”

साधनाबाईंनी खिडकीतून बघितलं. पाणी आणि पाणकावळे. “अवो संघदीपचे पप्पा, माह्या बापाचं गाव राळेगाव तालुक्यात चांगलं धडधाकट उभं आहे. रोज तिथं एसटी जाते. अन् तुम्ही मले बुडवून आले?”

“दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. पलंगावर पडून बघ.”

त्या पलंगावर आडव्या झाल्या. उशीवर डोकं ठेवलं, पाय सरळ केले आणि डोळे उघडे ठेवून बघत राहिल्या. खिडकीत तळं काठोकाठ भरलेलं होतं. पाण्यात डोंगर उलटा पडला होता आणि एक डोंगा त्या उलट्या डोंगराच्या माथ्यावरून सावकाश जात होता.

“दिसते,” त्या म्हणाल्या.

तीस वर्षांच्या संसारात सरांना मिळालेलं हे सर्वांत मोठं प्रशस्तिपत्रक होतं. ते त्यांनी साधारण अकरा मिनिटं उपभोगलं. मग दारावर थाप पडली.

दारात घनश्यामची आई होती. इंदूबाई. पंच्याहत्तरीच्या पुढची, काटक, नऊवारी, एका हातात तेलाची वाटी. सरांकडे तिनं बघितलंही नाही. ती थेट पलंगाजवळ गेली आणि साधनाबाईंचा चेहरा दोन्ही हातांनी उजेडाकडे वळवून बघू लागली. तपासून झाला तशी नजर खाली गळ्यातल्या बुद्धाच्या लॉकेटवर आली.

“कोनाची तू माय?”

साधनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पाण्याकडे पाहत होता.

“उकंडाची काय?” इंदूबाईनंच विचारलं. “खदानीत गेला थो उकंडा? धरनाच्या पहिलेच गेलता लेकरं घेऊन.”

“ही तेव्हा चार वर्षांची होती,” सर म्हणाले. “हिला काही आठवत नाही.” एका खोट्याला दुसरं लागतंच. पण दुसरं इतकं सफाईनं निघेल असं सरांना वाटलं नव्हतं. त्यांना स्वतःची किंचित भीती वाटली.

“मी तुमाले नाही इचारलं जवाई,” इंदूबाई म्हणाली. “तुमी भायेर बसा. माय-लेकीत मानसाचं काय काम?”

सर बाहेर बसले. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीवरून तळं फार सुंदर दिसत होतं. आतून इंदूबाईचा आवाज येत होता. “केसाचं काय करून ठेवलं वो पोरी! तेल नाही, पानी नाही. नेरले तेल भेटत नाही काय?” आणि मग एक आवाज आला जो सरांना ओळखू यायला वेळ लागला. साधनाबाई हसत होत्या. पत्नीचं हसणं त्यांना माहीत होतं. पण हे हसणं मोकळं होतं, परकर-पोलक्यातल्या मुलीचं होतं, आणि ते त्यांच्यासमोर कधी झालेलं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला वानखडे पती-पत्नींना हॉटेलच्या टेबलावर बसू दिलं नाही. चुलीजवळ पाट मांडले होते. ज्वारीची भाकरी, झणझणीत वांगं, ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी, वर तेलाची धार. इंदूबाई साधनाबाईंच्या ताटात तिसरी भाकरी टाकत म्हणाली, “खाय. नवऱ्याच्या घरी पोटभर खायाले होते काय बाईचं?” सर चौथ्यांदा पाणी प्यायले.

हे वाक्य सरळ जाऊन लागलं होतं, कारण जागा मोकळीच होती. साधनाबाईंना माहेर होतं तेव्हाची गोष्ट. सासूबाई जिवंत होत्या, दरवर्षी बोलावणं येई आणि सर त्यांना सोडून यायचे. पण मग बारावीचे पेपर यायचे तपासायला. घरी स्वयंपाकाचं कसं, संघदीपच्या शाळेचं कसं, असं करत ते तिसऱ्याच दिवशी एसटीनं परत घेऊन यायचे. एकदा तर सासूबाईंनी धिरडी तव्यावर टाकली होती आणि सर म्हणाले होते, साडेदहाची गाडी चुकेल. मग सासूबाई गेल्या, मेहुणा नागपूरला फ्लॅटमध्ये गेला, घराला कुलूप लागलं. त्यानंतरही बारावीचे पेपर येतच राहिले. सरांनी त्यांत एकाही मुलाचं नुकसान होऊ दिलं नव्हतं.

“मी सकाळी सांगून टाकतो त्यांना,” झोपायच्या आधी सर म्हणाले. “हे बरोबर नाही.”

“काय सांगता?”

“की तू इथली नाहीस.”

साधनाबाई तेल चोपडलेल्या केसांची वेणी घालत बसल्या होत्या. “खोटं तुम्ही बोलले. मी अजून काहीच बोलली नाही,” त्या म्हणाल्या. “जातानी सांगा. रविवारी.”

“अगं, पण ते लोक…”

“रविवारी सांगा म्हटलं ना.” मग जरा वेळानं, भिंतीकडे तोंड करून, “उद्या म्हातारी धिरडे करनार आहे.”

सरांनी दिवा मालवला.

*

शनिवारी सकाळी सरांना जेवणघरातली भिंत दिसली आणि भूगोलाचा विचार किती तोकडा होता ते त्यांच्या लक्षात आलं.

आख्ख्या भिंतीवर कवठदरा रंगवलेलं होतं. पुसदचा पेंटर आणून इंदूबाईनं आठ दिवस शेजारी बसून काढून घेतलं होतं. नदी, मारुती, पार, पंचशीलाचा झेंडा, दोन विहिरी, चिंच, शाळेची एक खोली, आणि घरं. एकूण एकशे बारा. प्रत्येक घरावर नाव. गोठ्यांवरसुद्धा नावं होती. एका बैलाचंही होतं. नकाशाला प्रमाण नव्हतं, उत्तर दिशा दाखवलेली नव्हती, नदी चढावर वाहत होती. दहापैकी दोन गुण. पण नेरमध्ये आपल्या घराशेजारी तिसरं घर कोणाचं हे सरांना सांगता आलं नसतं, आणि इथं पाण्याखालच्या गावात बैलासकट हजेरी लागलेली होती.

“दाखव बरं तुह्यं घर,” इंदूबाई साधनाबाईंना म्हणाली.

साधनाबाई भिंतीजवळ गेल्या. चष्मा वर केला, पुन्हा खाली केला, आणि मग अगदी सहज म्हणाल्या, “मी लहान होती ना माय. तूच दाखव.”

तूच. सर चपापले. पत्नी आता त्यांच्याही पुढे गेली होती. इंदूबाईनं तिचं बोट हातात धरून झेंड्यामागच्या एका लहानशा घरावर नेऊन टेकवलं. साधनाबाईंनी ते बोट तिथून लगेच काढलं नाही.

साडेअकराला फाटकाशी ऑटो थांबला आणि खरा प्रश्न खाली उतरला.

प्रश्नाचं नाव प्रभावतीबाई. साठी उलटलेली, पांढरी स्वच्छ साडी, हातात कापडी पिशवी. ढाणकीहून पहाटेच्या एसटीनं निघालेली. कवठदऱ्याची लेक, झेंड्यामागच्याच आळीतली. दरवर्षी संक्रांतीच्या आसपास दोन दिवस इथं यायची.

“जय भीम घनश्याम! हाय काय जागा, का साहेबलोकाइनं भरून टाकलं?”

“तुह्यासाठी नाही म्हनलं तं आई मले हाकलन ना बाई. मागची झाडून ठेवली. एकशे सहा.”

“जनरेटर चालू राह्यते का थो?”

“लाइन गेली तं चालू राह्यते.”

“राहू दे बापा,” असं म्हणून प्रभावतीबाई पिशवी घेऊन मागच्या बाजूला निघूनही गेली. तळ्याकडे तिनं ढुंकून पाहिलं नाही.

सर व्हरांड्यात खिळून उभे राहिले. यवतमाळचे साहेब डोंगर म्हटल्यावर आलेच नव्हते, म्हणून एकशे सहा रिकामी होती. आता गावची खरी लेक सहा तासांचा प्रवास करून आपल्या माहेरी आली होती आणि जनरेटरमागच्या खोलीत गेली होती. का, तर तळ्याकडच्या खोलीत अकरावीच्या वर्गाला खडकांचे प्रकार शिकवणारा एक मनुष्य चादर ओढून पडलेला होता. त्यांनी आयुष्यात पुष्कळ वर्गांना ‘विस्थापन’ ही संकल्पना शिकवली होती. उदाहरणादाखल देता येईल असं विस्थापन त्यांनी स्वतः केल्याचा हा पहिलाच प्रसंग.

पाच मिनिटांत ते एकशे सहाच्या दारात होते.

“ताई, आपण खोली बदलू.”

प्रभावतीबाई पाय धुऊन खाटेवर बसली होती. “काहून? तुमचा नळ गळून राह्यला काय?”

“नाही, नळ उत्तम आहे. तुम्ही तिकडे या. तळ्याकडे. आम्ही इथं राहतो.”

“नोको,” ती म्हणाली.

“अहो, संकोच करू नका. मान तुमचा आहे.”

“नोको म्हनलं ना बापा. मी इथं बरी हाय.” तिनं सरांकडे नीट बघितलं. “तुमी थे उकंडाबाबाच्या पोरीचे मालक ना? घनश्याम सांगत होता. उकंडाबाबाच्या पोरी म्या कडेवर खेळवल्या.”

सरांनी चौकट धरली.

“बोलवा बरं तिले इकडे,” प्रभावतीबाई म्हणाली.

साधनाबाईंना बोलावण्यापेक्षा सरांनी तळ्यात उडी घेतली असती. पण जेवणघरातून त्या आपणहून येत होत्या, हातात ताट, ताटात धिरडी. आता होईल ते होईल, म्हणून सर बाजूला झाले. दोघी बायका एकमेकींसमोर आल्या. प्रभावतीबाईनं धिरड्याचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, चावत चावत साधनाबाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. फार वेळ. शेवटी तिनं हात लांब करून त्यांच्या गालावरून फिरवला आणि बोटं मोडली.

“जाड झाली वो,” ती म्हणाली. “बस.”

साधनाबाई बसल्या.

त्या दिवशीची संध्याकाळ सरांनी एकट्यानं घालवली. तळं तांबडं झालं, मग जांभळं झालं, मग राखाडी. दिग्रसचं जोडपंसुद्धा बाहेर येऊन फोटो काढून गेलं. पुस्तकात छापावा असा सूर्यास्त होता आणि सरांना तो पाहवेना. ते उठून हॉटेलला वळसा घालून मागे गेले. तिथं जनरेटरच्या शेडपलीकडे, अंगणात, खाटेवर तिघी बसल्या होत्या: इंदूबाई, प्रभावतीबाई आणि साधनाबाई. तुरीच्या शेंगा सोलणं चाललं होतं. तिघींची पाठ तळ्याकडे होती. समोर काय, तर विटांची भिंत, डिझेलचे दोन कॅन, आणि त्यावरून दिसेल तेवढा डोंगर.

“…अन् मास्तर हजेरी घेतानी इचारे, गुटी आली काय? तं थे पोरगी म्हने, मी नाही आली, म्हैस आली!” प्रभावतीबाई सांगत होती आणि साधनाबाई अशा हसत होत्या की शेंगा मांडीवरून खाली गेल्या. न पाहिलेल्या मास्तरला, न पाहिलेल्या म्हशीला.

सर कोपऱ्यावरून मागे फिरले. आपण तळं अडवून बसलो म्हणून या बायकांना भिंतीकडे तोंड करून बसावं लागतंय, हे त्यांनी मनात नीट नोंदवलं. गुन्ह्यांची यादी आता त्यांना पाठ झाली होती. साहेब, प्रभावतीबाई, म्हातारीची माया, उकंडाच्या खऱ्या मुली जिथं कुठं असतील तिथं. आणि सगळ्यांत खाली, किंवा सगळ्यांत वर, साधनाची ती धिरडी, जी वीस वर्षांपूर्वी तव्यावर राहिली होती. अडचण एवढीच होती, की वरच्या सगळ्यांची माफी मागायची तर साधनाच्याच पुढ्यातलं ताट ओढून घ्यावं लागत होतं.

“उद्या सांगणार आहे मी,” अंथरुणात ते म्हणाले.

“हो,” साधनाबाई म्हणाल्या. त्या पलंगावर तळ्याकडे पाठ करून निजल्या होत्या.

*

रविवारी दहाला निघायचं होतं. इंदूबाईनं साधनाबाईंना ब्लाउजपीस दिला, तिळाचे लाडू दिले, तुरीच्या शेंगांची पिशवी दिली. मग पिशवी हलकी वाटली म्हणून आणखी शेंगा टाकल्या. साधनाबाईंनी वाकून तिच्या पायाला हात लावला आणि मग वर यायलाच वेळ लावला. प्रभावतीबाई म्हणाली, “रडू नोको. माहेराहून हसत जाव.” मग ती स्वतःच रडली. सर गाडीचं इंजीन गरम करत बसले होते. त्याची काही गरज नव्हती.

साधनाबाई येऊन शेजारी बसल्या. मांडीवर पिशवी. “चार्जर राह्यला तुमचा,” त्या समोर बघत म्हणाल्या.

चार्जर सरांच्या खिशात होता. त्यांनी एकदा पत्नीकडे पाहिलं. त्या शेंगांच्या पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधत होत्या. “जा,” त्या म्हणाल्या. “मी बसली इथं.”

घनश्याम काउंटरवर उदबत्ती लावत होता. सरांनी घसा साफ केला. तीन दिवस जुळवलेलं भाषण होतं आणि त्यात प्रस्तावनाही होती. पण तोंडातून निघालं ते असं:

“घनश्यामभाऊ, माझी बायको कवठदऱ्याची नाही. ती राळेगावकडची आहे. उकंडा कोण ते आम्हाला माहीत नाही. मी खोटं बोललो. तिचा दोष नाही. तुमच्या आईला काय सांगायचं ते तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो. साहेबांना परत पाठवलं ते माझ्यामुळे. प्रभावतीबाईंना दोन दिवस त्या जनरेटरमागे…” “तळ्याकडची खोली त्यांची होती. मी त्यांच्या माहेरात झोपलो.”

घनश्यामनं उदबत्ती खोचली. काडी विझवली. विझलेली काडी पेटीत परत ठेवली.

“माहीत आहे ना सर,” तो म्हणाला. भाऊजीचे पुन्हा सर झाले होते.

“माहीत आहे? कोणाला?”

“मले. आईले. प्रभावतीबाईले. आईले तं शुक्रवारीच मी सांगतलं, थ्या खोलीत जाच्या पहिले.”

“मग… मग तेल? धिरडी? मग बोलला का नाहीत कोणी?”

“तुम्ही पाव्हणे ना सर. अन् आई म्हने, बाई चांगली आहे, राहू दे.”

सर काउंटरला टेकले. बाहेर गाडीत साधनाबाई दिसत होत्या, पिशवी धरून, ताठ. सरांनी विचारलं, शिक्षकानं विद्यार्थ्याला विचारू नये अशा आवाजात, “पण तुम्हाला कळलं कशावरून?”

“तुम्ही तळ्याकडची खोली मांगली ना,” घनश्याम म्हणाला. “आमच्या गावचं कोनी थ्या पाण्याकडे तोंड करून झोपत नाही. चौदा वर्षं झाले हॉटेल टाकून. एकानंही मांगली नाही.”